पत्रावळ आधी, वरण मागून

आमच्या घरी दुपारी एकला ताट वाढतात आणि मी जेवते दोनला. मधल्या तासात पोळी वातड होते, भाजीवर तेल तरंगतं आणि आईचं तोंड सुटतं. नांदुऱ्याचं स्टेशन आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आई ताट वाढल्यापासून गाड्या मोजते आणि किती गाड्या गेल्यावर पोरगी जेवायला खाली उतरली, ते शेजारणींना सांगते. मी वरच्या खोलीतून लॅपटॉपसमोर बसून 'आलेच' म्हणत असते. या 'आलेच'वर आमच्या घरात कोणाचाच विश्वास उरलेला नाही, माझासुद्धा.

माझं काम काय, हे गल्लीत कोणालाच धड माहीत नाही. आईनं 'बँकेत हाये' असं सांगून विषय मिटवलाय. तरी सांगते. ब्लॉकचेन म्हणजे हजारो मशीनांनी मिळून लिहायची एक वही. मालक कोणीच नाही. ज्याची पाळी येईल त्यानं एक पान लिहायचं: लोकांचे आलेले व्यवहार गोळा करायचे, खरेखोटे तपासायचे, वर मागच्या पानाची खूण टाकायची, खाली सही करायची आणि पान सगळ्यांना पाठवून द्यायचं. या पानाला म्हणतात ब्लॉक आणि लिहिणाऱ्या मशीनला व्हॅलिडेटर. पाळीला मोजके सेकंद मिळतात. तेवढ्यात पान नाही गेलं तर ते कोरं धरतात आणि पुढच्याला हाक मारतात. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं असं एक मशीन मी सांभाळते, तेही नांदुऱ्यात बसून.

तर त्या महिन्यात आमची चार पानं कोरी गेली. पाळी आली, मशीन व्यवहार गोळा करत बसलं, तपासत बसलं, आणि सही होईपर्यंत वेळ संपली. चार वेळा! पुण्यातल्या मीटिंगमध्ये लगेच एकानं सुचवलं की तिकडे लाईट जाते ना, नेटही स्लो असेल. माझं डोकंच फिरलं. अरे बाबा, मशीन मुंबईत आहे. माझ्या घरची लाईट गेल्यानं मुंबईतलं मशीन कसं काय आंधळं होईल? हे मी सांगितलं, पण तावातावानं सांगताना तोंडातून 'मला'ऐवजी 'मले' निघून गेलं आणि दोघंजण कॅमेरा बंद करून हसले. कॅमेरा बंद केला तरी हसणं कळतं.

मॅडम हसल्या नाहीत. आमच्या मॅडम बोलायला गोड आणि हिशेबाला पक्क्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की पुढच्या शुक्रवारी दुपारी आपली पाळी आहे. ते पान वेळेत गेलं तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून मी पुण्यात येऊन टीमबरोबर बसायचं. आणि यायचं नसेल तर मग बघू, असं म्हणून त्यांनी मीटिंग संपवली. 'मग बघू'चा अर्थ काय होतो, ते मला चांगलं माहीत होतं.

पुण्यात मी पाच वर्षं काढलीत. शहर वाईट नाही, उगीच खोटं का बोलू. पण तिथं मी बोलायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन घ्यायचे. बाबा गेले तेव्हा मी परत आले ती महिनाभरासाठी, आणि मग राहूनच गेले. इथं मला झोप लागते. इथं आई आहे, आणि आई नांदुरा सोडून कुठं जाणार नाही. तिच्यामागे गल्लीतल्या पाच बायांचा गट आहे, लग्नाकार्याच्या स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेतात, आणि लग्नसराईत तिला माझ्यापेक्षा जास्त फोन येतात. मला जायचं नव्हतं. आईला मी यातलं काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की शुक्रवारपर्यंत काम जास्त आहे.

उपाय मला दोन दिवसांत सुचला, आणि सुचल्यावर मी स्वतःवरच खूश झाले. आपली पाळी कधी येणार हे आधी कळतं, मग पान आधीच लिहून का ठेवू नये? पाळी यायच्या आत व्यवहार गोळा करून, तपासून, मागच्या पानाची खूण अंदाजानं टाकून, सहीसकट पान तयार. हाक आली की फक्त पाठवायचं. मी चाचणीच्या मशीनवर करून पाहिलं तर पान डोळ्याची पापणी लवायच्या आत गेलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा गेलं. त्या दिवशी मी एकच्या ठोक्याला जेवायला खाली उतरले आणि आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे की काय म्हणून.

आनंदाच्या भरात मी तिला माझा उपाय सांगितला. तिला समजावं म्हणून पंगतीच्या भाषेत सांगितलं: लोक बसायच्या आत ताटं पूर्ण वाढून ठेवायची, बसले की जेवायला सुरुवात. मला वाटलं आई म्हणेल, हुशार आहे माझी पोरगी. आईनं पोळीवर तूप लावलं आणि विचारलं, की सगळंच आधी वाढतं का तू? म्हटलं, सगळंच. वरणसुद्धा? वरणसुद्धा.

"आन् बसणारेच बदलले तर?" आई म्हणाली.

मग तिनं मला सुलतानपूरची गोष्ट सांगितली. मी तेव्हा पुण्यात होते, म्हणून मला ती माहीत नव्हती. तिथल्या एका लग्नात तिच्या गटाचा स्वयंपाक होता. नवरदेवाकडची मंडळी पहिल्या पंगतीला बसणार होती. वऱ्हाड उतरलं की आधी पंगत, मग लग्नाची बुद्धवंदना असं ठरलं होतं. पाहुण्यांना एक मिनिट ताटकळायला लागू नये म्हणून आईनं पत्रावळी पूर्ण वाढून ठेवल्या: मीठ, लोणचं, चटणी, बुंदी, पोळी, वांग्याची भाजी, भात आणि वर वरणही. आणि वऱ्हाडाची बस जानेफळला बंद पडली. वरण गार व्हायला लागलं. नवरीच्या बापानं म्हटलं, अन्न वाया काऊन घालवता, घरच्या म्हाताऱ्यांना बसवा. म्हातारे बसले. नवरीचे आजोबा पहिल्या पत्रावळीवर. त्यांनी हात धुऊन पहिला घास कालवायला घेतला आणि बाहेर बसचा हॉर्न वाजला. नवरीचा बाप घाबरला. वऱ्हाडाला बसवा, वऱ्हाडाला बसवा, एवढंच तो म्हणत राहिला. आणि त्या गोंधळात आईनं वाकून आजोबांच्या पुढची पत्रावळ उचलली.

आजोबा उठले, हात झटकला, आणि स्वतःच्या नातीच्या लग्नात न जेवता शेतात जाऊन बसले. नवरी रडत राहिली. आई दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाया पडायला गेली, तर त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, माफ केलं, पण तिच्या हातचं पुन्हा खाल्लं नाही.

"वाढेल ताट उचलत नसतात," आई म्हणाली. "तवापासून मी पत्रावळ आधी मांडतो, मीठ, लोणचं, चटणी, बुंदी आधी वाढतो. बसणारा कोणीबी असो, थे लागतंच. पोळी, भात, वरण माणूस बसल्यावर. आन् तेबी त्याच्या तोंडाकडं पाहून."

आता मी कशी माणूस, तर ऐकून घेण्याऐवजी चिडले. म्हटलं, आई, हे कॉम्प्युटरचं काम आहे, इथं कोणी रुसून शेतात जात नाही. ताट तसंच टाकून मी वर गेले. जिन्यात निम्म्यावर माझे पाय थांबले.

कारण इथं रुसतात. नुसते रुसत नाहीत, हाकलून लावतात. मागचं पान मी अंदाजानं धरलं होतं. ते ऐनवेळी बदललं तर माझं तयार पान फुकट, आणि मशीन त्याच पाळीसाठी दुसरं पान लिहून त्यावर दुसरी सही करणार. एका पाळीला दोन सह्या म्हणजे या धंद्यात सरळसरळ लबाडी धरतात. मग तुम्ही नांदुऱ्याचे असा की न्यूयॉर्कचे, तुमचं मशीन ओळीतून बाहेर. पान कोरं गेलं तर एक पाळी जाते. हे झालं असतं तर सगळंच गेलं असतं, माझी नोकरी तर गेलीच असती, कंपनीचं नावही गेलं असतं. चाचणीच्या मशीनवर हे दिसलं नाही, कारण तिथं बस कधी बंदच पडत नव्हती. मी त्याच पायरीवर बसले. खालून आई विचारत होती, की ताट झाकून ठेवू का.

मी खाली आले, मुकाट्यानं जेवले, आणि जेवताना तिला दोनदा सगळं पुन्हा विचारलं. आधी काय वाढतेस, मागून काय वाढतेस. तिनं एकदाही टोमणा मारला नाही. तेच मला जास्त लागलं.

पुढचे तीन दिवस मी आईच्या पद्धतीनं काम केलं. व्यवहार गोळा करणं, तपासणं, ओळीत लावणं हे सगळं आधी, कारण मागचं पान कोणतंही असो, ते लागतंच. मागच्या पानाची खूण मात्र पान खरोखर हातात आल्यावर. त्या पानात लिहून झालेले व्यवहार आपल्या यादीतून काढून टाकायचे, तेही तेव्हाच. आणि सही अगदी शेवटी, एकदाच. मागचं पान आलंच नाही, तर त्याच्या आधीचं धरायचं. सहीसकट पान जितकं झटकन गेलं होतं तितकं हे जात नव्हतं, पण वेळेच्या बरंच आत जात होतं.

शुक्रवारची पाळी दीडच्या सुमारास होती. एकला लाईट गेली. मी नुसती हसले, काय करणार. मोबाईलवर नेट लावलं आणि जिन्याच्या तोंडाशी बसले, तिथं रेंज जरा बरी येते. पुण्याहून मॅडमसकट सगळे बघत होते. आमच्या आधीच्या मशीनची पाळी सुरू झाली आणि त्याचं पान काही येईना. मागच्याच्या मागचं पान धरून माझं मशीन तयार उभं होतं, सही तेवढी बाकी. आमची पाळी सुरू व्हायच्या तोंडावर त्याचं पान धापा टाकत आलं. बस आली होती. माझ्या मशीननं खूण बदलली, लिहून झालेले व्यवहार काढले, सही केली आणि पान पाठवलं. एकच सही. समोर स्क्रीनवर हिरवी खूण आली, पान वेळेत लागलं.

मी तिथंच, जिन्यावर, रडले. दोनच मिनिटं, पण चांगली भोकाड पसरून. आई पदराला हात पुसत आली आणि माझ्या दोन पायऱ्या खाली बसून राहिली.

मॅडमचा फोन आला. त्यांनी सगळं बारकाईनं विचारून घेतलं आणि म्हणाल्या की सही शेवटी ठेवलीत म्हणून वाचलो, हे कुठं वाचलंत? मी म्हटलं, वाचलं नाही, आमच्या आईनं मले सांगितलं. हे वाक्य मी मनात धुतलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, पुण्याला यायची गरज नाही, आणि आईंना नमस्कार सांगा. मग मी आईला सगळं सांगितलं, एक तारखेचं, पुण्याचं, 'मग बघू'चं. ती 'हाव' म्हणाली, म्हणजे 'हो'. फक्त हाव. मला वाटलं, बाई नीट ऐकते तरी आहे का.

जेवायला बसलो तेव्हा आई म्हणाली की कुरडया तळते, आतल्या खोलीत पलंगाखाली पिशवी आहे, त्यातून घेऊन ये. मी वाकून पिशवी ओढली. मोठी, बाबांची, गावाला जायची पिशवी. वर कुरडया होत्या. त्यांच्याखाली पापड, शेंगदाण्याची चटणी, लाल तिखट, लिंबाचं लोणचं बरणीत घट्ट बसवलेलं, दोन नव्या चादरी, आणि तळाशी पुण्यात मी वापरायचे तो स्टीलचा डबा, घासून लख्ख केलेला. भिंती काय जाड आहेत आमच्या घराच्या? मीटिंगमध्ये मी आणि माझा लॅपटॉप किती मोठ्यानं बोलतो, ते मलाच कधी कळलं नव्हतं. तिनं पहिल्या दिवसापासून सगळं ऐकलं होतं, आणि एका शब्दानं न विचारता माझी तयारी करून ठेवली होती.

पिशवीचे बंद मात्र मोकळे होते. बाजूला सुतळीचा तुकडा ठेवला होता, गाठ मारायची बाकी होती.

मी कुरडया घेतल्या आणि पिशवी होती तशी परत आत सरकवली. स्वयंपाकघरात आईनं ताट मांडलं होतं. मीठ, लोणचं, चटणी वाढलेली होती. मी पाटावर बसले, तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग वरण वाढलं.