वरच्या बाई आणि दोन देशांच्या खुणा

अख्ख्या यार्डात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. क्रेनच्या काचेच्या खोलीत, चार मजले उंच, त्यांचा दिवस जाई, म्हणून त्या वरच्या बाई. सुरुवात फाटकाजवळच्या वजनकाट्यावर झाली. मग एका क्रेनवाल्याचं दुखणं लांबलं, साहेबाने "जमेल का?" विचारलं आणि बाई "बघते" म्हणाल्या. ते बघणं केस पिकेपर्यंत चाललं होतं.

यार्ड होतं सरहद्दीवर. अलीकडचे रूळ रुंद, पलीकडचे अरुंद. जुन्या लोकांनी शेजाऱ्याशी एक शब्द न बोलता रूळ टाकले, त्याचं हे फळ. मालाच्या लोखंडी पेट्या त्यामुळे ट्रकनेच सरहद्द ओलांडत आणि ट्रकांची रांग धूर ओकत उभी असे. त्या रांगेत बाईंचा नवराही असे. लग्नापासून तो लांब पल्ल्याचा ड्रायव्हर. महिन्यातून दोन दिवस घरी, तेही बहुतेक झोपलेला. मुलगी कधी मोठी झाली आणि कधी सासरी गेली, हे त्याने जाता-येता पाहिलं.

आता दोन्ही सरकारांना एकदाची अक्कल सुचली. पेट्या पलीकडच्या मालगाडीतून क्रेनने उचलून अलीकडच्या गाडीत ठेवायच्या आणि जवळच्या कारखान्यांपुरत्या तेवढ्या विजेवरच्या ट्रकने न्यायच्या. धूर कमी, रांग नाही. त्या जवळच्या फेऱ्या यार्डाने बाईंच्या नवऱ्यालाच देऊ केल्या. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. दुसऱ्या कुणीही उडी मारली असती. पण गडी तोंड फुगवून बसला.

"तुझी क्रेन माझ्या पोटावर उठली," म्हणाला.

जिथे रेल्वे पोचतच नाही अशा दूरच्या रस्त्यावर त्याने दुसरी नोकरी बघून ठेवली होती. या नव्या पद्धतीच्या चाचणीच्या दिवशी विजेचा ट्रक चालवून बघ आणि काय ते त्याच दिवशी सांग, असं साहेबाने बजावलं होतं. तो दूर गेला तर आपला संसार असाच फोनवर संपणार, हे बाईंना दिसत होतं आणि त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता.

चाचणीला खाली उभा राहून खुणा करणारा मुकादम पलीकडच्या देशाचा होता. वायरलेसवर बोलावं तर एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. सगळी भिस्त हातांवर. आणि खुणाही वेगळ्या. आपल्याकडे उंच धरलेली मूठ म्हणजे थांबा, पलीकडे तीच मूठ म्हणजे सावकाश खाली सोडा. पाहुण्याची अडचण नको म्हणून बाईंनी आरशासमोर उभं राहून पलीकडच्या खुणा घोटून घेतल्या. मुकादमही भला माणूस. यजमानांची अडचण नको म्हणून त्याने अलीकडच्या खुणा पाठ केल्या. एकमेकांना विचारावं, हे मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पेटी उचलली, ट्रकवर आली. नवरा नियमाप्रमाणे ट्रकमधून उतरून पिवळ्या रेघेमागे उभा. दोन्हीकडचे साहेब फोटोसाठी सरसावलेले. पेटी जरा वाकडी दिसली म्हणून मुकादमाने मूठ वर केली. बाईंनी पेटी खाली सोडली. मुकादमाने मूठ आणखी जोरात दाखवली. काय घाई आहे मेल्याला, असं मनात म्हणत बाईंनी आणखी सोडली. पेटीचा कोपरा ट्रकच्या टपावर कर्रकन टेकला, तेव्हा मुकादमाने डोक्यावरचं हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. ही खूण दोन्ही देशांत एकच निघाली. बाई थांबल्या.

साहेबांचे चेहरे उतरले. बाई जिना उतरून आल्या. मुकादमाने मूठ दाखवली आणि प्रश्नार्थक हात हलवला. बाईंनी हाताने दाखवलं, खाली. मग त्याच्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे. मुकादमाने कपाळावर हात मारून घेतला आणि हसू लागला. "चूक माझीही आहे," बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं. दोघांनी तिथेच उभ्या उभ्या कुणाच्याच नसलेल्या चार खुणा ठरवल्या. दुसऱ्या खेपेला पेटी ट्रकवर अलगद बसली आणि साहेबांना हवा तो फोटो मिळाला.

फेरी मारून नवरा परतला, तेव्हा बाई कॅन्टीनच्या बाकावर बसल्या होत्या. तो शेजारी टेकला.

"ट्रक कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"आवाजच नाही त्याला. चांगला आहे."

"मग आता तरी हो म्हणाल का?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "मला गाडीचा राग नाही गं. क्रेनचाही नाही. मला घरी राहता येत नाही. दोन दिवस पाहुण्यासारखे निघून जातात. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरात करायचं काय?"

'तुझ्या घरात' हे बाईंना फार लागलं. पण भांडायला जागा नव्हती, खरंच होतं ते.

"मग माझंही ऐका," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात की दुसऱ्या दिवसापासून मी वाट बघते, कधी जाताय याची. आणि गेलात की रडत बसते. मला तरी तुमच्याबरोबर राहायला कुठे येतं?"

त्याने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. राग आलेला दिसत नव्हता.

"जेवायला तू कुठे बसतेस?" त्याने विचारलं. "म्हणजे मी कुठे बसायचं, ते कळेल."

"बसत नाही," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी कोण ताट वाढून घेतं. ओट्यापाशी उभ्याने खाते."

"रोज?"

"रोज."

तो उठला, साहेबाच्या खोलीत गेला आणि उद्यापासून येतो म्हणून सांगून आला.