दारव्ह्यातली मुंबई

दारव्ह्याला कशाला चालली आहेस, असं मला घरात तिघांनी विचारलं आणि तिघांनाही मी वेगवेगळी उत्तरं दिली. नवऱ्याला म्हटलं, थंडीत विदर्भ छान असतो. लेकीला म्हटलं, ब्लॉगसाठी. सासूबाईंना म्हटलं, मैत्रीण आहे तिथे. खरं कारण पहिल्यांदा इथेच लिहिते आहे. मला एका माणसाची माफी मागायची होती, तीही एकोणचाळीस वर्षं उशिरा.

माझं लहानपण गिरगावातलं. घराजवळच्या वाचनालयात ‘विश्वजीत’ या एकाच नावाने लिहिणाऱ्या लेखकाच्या रहस्यकथा मिळायच्या. शंभर-सव्वाशे पानांची पुस्तकं, मुखपृष्ठावर टॉर्च घेतलेला कोटवाला माणूस. तो इन्स्पेक्टर जयकर. डावखुरा, चहाबाज, मुंबईचा कोपरान् कोपरा माहीत असलेला. मी त्याच्यावर फिदा होते. तेराव्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘सातव्या बाकावरचा प्रवासी’ हे पुस्तक आणि एक वही घेऊन जयकर ज्या ज्या रस्त्याने गेला त्या त्या रस्त्याने मी चालले. एकही जागा जुळेना. पुस्तकात दादरहून सुटलेली गाडी ओळखीच्या माणसाची हाक ऐकून ड्रायव्हर थांबवतो. गिरगावात बैलबाजार भरतो. चर्नी रोडला कापसातून सरकी काढणारी जिनिंग आहे. आणि कहर म्हणजे जयकर समुद्राकाठी उभा असताना त्याला पलीकडच्या काठावर म्हशी दिसतात!

मी संतापले. प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाला पत्र पाठवलं. त्यात अकरा चुका, अनुक्रमांक घालून. शेवटची ओळ मला आजही पाठ आहे, ‘मुंबईवर लिहिण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष येऊन पाहावे ही विनंती.’ खाली सही, कु. मीनल.

त्यानंतर विश्वजीतचं एकही पुस्तक आलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, मी दुसरे लेखक वाचायला लागले. गेल्या वर्षी या ब्लॉगवर त्या पुस्तकांबद्दल चार ओळी थट्टेने लिहिल्या, पत्राचा उल्लेख मात्र टाळला. दोन दिवसांनी खाली एक प्रतिक्रिया आली. ‘विश्वजीत म्हणजे माझे बाबा. दारव्ह्यात असतात, वय चौऱ्याऐंशी. सत्तावीस पुस्तकं लिहिली, मग कुणा वाचकाचं पत्र आलं आणि लिहिणं सोडलं ते कायमचं. तुम्ही आठवण काढलीत, बरं वाटलं. सुनीता.’

मी ती प्रतिक्रिया कितीदा वाचली असेन कोण जाणे. सुनीताशी फोनवर बोलले, भेटायला येते म्हटलं. ते पत्र माझं होतं, हे मात्र बोलता आलं नाही.

पहिला दिवस

जाणाऱ्यांसाठी आधी रस्ता सांगते. नागपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने पहाटे बडनेऱ्याला उतरायचं, रिक्षाने अमरावतीचा बस स्टँड गाठायचा, तिथून नेरमार्गे दारव्हा. लाल बसचे अडीच तास धरा, बायकांना अर्धं तिकीट. खिडकी डावीकडची घ्या, सकाळचं ऊन अंगावर येतं. जानेवारीत दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो आणि मध्येमध्ये वाळत आलेली तूर. नेरच्या स्टँडवर बस दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात तर्री पोहे खाऊन घ्या. तर्री बेताने, मी डोळे पुसत पुन्हा बसमध्ये चढले.

दारव्ह्यात उतरले तेव्हा अकरा वाजले होते. सुनीता शाळेत शिकवते, ती दोनला सुटणार होती. स्टँडजवळच्या लॉजमध्ये बॅग टाकली. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीने, हजाराच्या आत काम होतं. आता तीन तास काय करायचं? आठवडी बाजाराचा दिवस होता, म्हणून हिंडायला निघाले. पर्समध्ये ‘सातव्या बाकावरचा प्रवासी’ होतं, जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेलं.

बाजाराच्या टोकाला बैल बांधलेले होते. एक शेतकरी एका बैलाच्या तोंडात बोटं घालून दात बघत होता. शेजारचा चहावाला त्याला म्हणाला, “अबे, बैल घ्याचा हाय का पोरीसाठी नवरा पाहून राह्यला?”

“नवऱ्याचे दात कोन पाह्यते जी?” तो शेतकरी न बघताच म्हणाला.

मी हसले आणि चहा मागितला. पेला हातात घेऊन समोर पाहिलं तर बैलांच्या मागे एक चौक, त्यात पिंपळ, पिंपळाला सिमेंटचा पार, आणि पाराला टेकून तीन रस्ते फुटलेले. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. पुस्तक काढलं. पान चौतीस. ‘गिरगावच्या बैलबाजारातून जयकर पिंपळापाशी आले. समोर तीन रस्ते होते. त्यांनी मधला धरला.’

मी मधला धरला. पुस्तकात होतं तसं उजव्या हाताला कुंभाराचं घर होतं, दारात माठ. पुढे जिनिंगची लांबलचक भिंत, जिच्यावरून खुनी उडी मारतो. भिंतीवर कापसाचे पुंजके अडकलेले. माझी चाल वाढली. भर बाजारात एक बावन्न वर्षांची बाई उघडं पुस्तक धरून जवळजवळ पळते आहे, हे बघून दोघीतिघी थांबल्या. एकीने विचारलंही, “काय हरवलं जी ताई?”

मी विचारलं, “इथे तळं आहे का हो?”

“हाव, हे काय पुढं.”

गावाबाहेरच्या त्या तलावाच्या काठावर मी पोहोचले. बाभळी होत्या. दगडावर बायका धुणं आपटत होत्या. आणि पलीकडच्या काठावर म्हशी. मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आलं. त्यांनी एकही चूक केली नव्हती. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त मी चुकीच्या गावात शोधलं होतं.

सुनीता अडीचला स्कूटीवर न्यायला आली. घर साधं, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत खुर्चीवर राठोडबाबू बसले होते. विश्वजीतचं खरं नाव गोविंद राठोड, पण गावात कुणालाही राठोडबाबूच विचारा, कारण ते इथल्या छोट्या रेल्वेचे तिकीट क्लार्क होते. ती नॅरोगेज गाडी आता बंद आहे. उंच, वाकलेले, पांढरे केस चोपून बसवलेले. मी येणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता.

जेवणाचा आग्रह झाला. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी, वर कच्चं तेल आणि कांदा. सोले म्हणजे तुरीचे ओले हिरवे दाणे, थंडीतच मिळतात. माझ्या मनात ते पत्रच घोळत होतं, तरी दोन भाकरी खाल्ल्या, इतकी भाजी चांगली होती.

“लिहायला वेळ कधी मिळायचा तुम्हाला?” मी विचारलं.

“दिवसातून गाड्याच दोन. मंधातल्या टाइमात खून करो.” ते मिश्कील हसले. “घरी आमची बंजाऱ्याची गोरबोली, शाळेत वऱ्हाडी, अन् पुस्तकात मुंबईची मराठी. ते पेपर वाचून शिकलो. स्टेशनाचे नावं टाइमटेबलात होते. दोन स्टेशनाच्या मंधात काय असते हे कोनाले माहीत? मंग मी दारव्हा टाकलं.”

“आणि समुद्र?”

“समुद्र पाह्यला नव्हता. पानी माहीत होतं.”

आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. “बाबूजी,” मी म्हटलं, “ते अकरा चुकांचं पत्र माझं होतं. मी मीनल.”

सुनीताच्या हातातला पेला तसाच राहिला.  राठोडबाबू अगदी हळू, शब्द लावत म्हणाले, “एकदा प्रत्यक्ष येऊन पाहावे ही विनंती.”

“मी लहान होते हो. मला माफ करा.”

“गेलतो मी,” ते म्हणाले. “तुयं पत्र आलं अन् आठ दिवसाची रजा टाकली. जयकर जिथं जिथं गेला तिथं तिथं गेलो. मंग समुद्रावर गेलो. पल्याड काठच नाही! सांजपर्यंत उभाच राह्यलो. वापस आलो, लिहाले बसलो, जयकरले त्या समुद्राजवळ उभं केलं, तं थो बोलेच ना. त्याले दारव्हाच येत होता. थो मुंबईचा कधी नव्हताच.”

“म्हणजे माझ्यामुळेच थांबलात.”

मला वाटलं ते नाही म्हणतील, मोठी माणसं म्हणतात तसं. त्यांनी मान हलवली. “हाव. तुयामुळंच.”

सुनीता म्हणाली, “बाबा!”

“खरं थे खरं, बाई. राग आलता मले, लय दिवस.” ते उठून आत गेले आणि रेल्वेच्या एका जाड पुठ्ठ्याच्या फाइलमधून माझं पत्र घेऊन आले. घडीवर चिकटपट्टी लावलेली होती. ते पत्र त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. “पन फाडलं नाही मी. सत्तावीस पुस्तकं लिहिले. लोकं वाचत, फेकून देत. माह्या पुस्तकाच्या मांगं पायी पायी चालणारी तू एकटीच.”

तेराव्या वर्षी काढलेली माझी ती घट्ट अक्षरं मी बघत होते.  मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि सुनीताला म्हणाले, “चहा ठेवजो. जयकरचा. साखर जास्त.”

दुसरा दिवस

सुनीताने रजा काढली आणि सकाळी आम्ही तिघं रिक्षाने जुन्या स्टेशनवर गेलो. अरुंद रूळ गवतात गेलेले, तिकीट खिडकीला फळी ठोकलेली. राठोडबाबूंनी फळीवर बोटं फिरवली, जणू पलीकडे कुणी उभं आहे. हाक ऐकून गाडी खरंच थांबायची का, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, “थांबेच ना. ड्रायव्हर वळखीचा होता.” प्लॅटफॉर्मवर दोनच बाक होते. मी सातवा कुठे आहे म्हणून विचारलं.

“थो मी बनवला,” ते म्हणाले. “तेवढं तं लेखकाले करू द्या जी.”

दुपारच्या बसला सुनीता सोडायला आली. बाबा कालपासून बोलत आहेत, म्हणाली, एरवी दिवसदिवस गप्प असतात. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. सत्तावीस पुस्तकांची पस्तीस, चाळीस झाली असती. ती गेली ती गेलीच, आणि माझ्या माफीने त्यातलं एकही पान परत येणार नव्हतं.

ठाण्याला घरी परत आल्यावर चार दिवस काही सुचलं नाही. पाचव्या दिवशी कागद घेतला आणि लेखक विश्वजीत यांना दुसरं पत्र लिहिलं. पुन्हा अकरा मुद्दे, अनुक्रमांक घालून. क्रमांक एक, बैलबाजार सापडला, पिंपळासह. क्रमांक चार, म्हशी पलीकडच्या काठावरच आहेत. क्रमांक सात, खुनी शिरतो तो बोळ जिनिंगच्या भिंतीमागचाच. असं करत अकराही. खाली सही केली, सौ. मीनल, आणि पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. सुनीताने लिहिलं असेल असं वाटलं होतं, पण अक्षर म्हाताऱ्या हाताचं होतं. थरथरतं, पण ओळीत चालणारं, तिकिटांच्या वहीत आयुष्य गेलेल्या माणसाचं अक्षर. मजकूर पुस्तकातल्या मराठीत होता.

‘आपले पत्र पोहोचले. दहा मुद्दे मान्य. क्रमांक सात साफ चूक आहे. खुनी ज्या बोळात शिरतो तो आपण म्हणता तसा जिनिंगच्या भिंतीमागचा नव्हे. इन्स्पेक्टर जयकर डावखुरे असल्याने टॉर्च डाव्या हातात होता, हे आपल्या ध्यानात आलेले दिसत नाही. तो बोळ निराळा. कोणता, ते असे पत्राने कळणार नाही. एकदा प्रत्यक्ष येऊन पाहावे ही विनंती.’