पाण्याचा रकाना

प्रश्न एकच होता आणि तो मी वहीच्या पहिल्या पानावर अधोरेखित करून लिहिला होता: धाकट्या भावाच्या जुन्या पिकअपचे इंजिन तापते, ते गाडीच्या दोषामुळे की चालकाच्या? या उत्तरावर एका माणसाची नोकरी अवलंबून आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही तो प्रश्न निव्वळ विज्ञानाचा आहे, असे मी मानले.

भावाचा नोएडात छोटा छापखाना आहे. जुन्या दिल्लीतून कागदाची बंडले आणण्यासाठी त्याने ही पिकअप वापरलेली विकत घेतली होती. छापखान्याच्या गल्लीत जागा नसल्यामुळे ती मयूर विहारला आमच्या सोसायटीत उभी असते आणि किल्ली माझ्याकडे असते. चालक पन्नाशीचा, बुलंदशहरकडचा, अकरा वर्षे भावाकडे कामाला होता. रोज सकाळी तो किल्ली न्यायला वर येई, मी त्याला पाण्याची बादली देई, खाली जाऊन तो बॉनेट उघडी आणि रेडिएटर भरून निघे. नळीच्या जोडापाशी बारीक गळती होती. दिवसाला लिटरभर पाणी कमी होत असे.

उन्हाळा सुरू झाला तसा तापमानाचा काटा वर चढू लागला. निजामुद्दीन पुलाच्या चढावर तर गाडी बाजूला घेऊन थांबावे लागे. एका रविवारी भाऊ घरी आला.

"दादा, मला वाटतं हा परतीच्या वाटेवर दुसऱ्यांचा माल भरतो. ओव्हरलोड केल्याशिवाय गाडी एवढी गरम कशी होईल यार?"

"पुरावा काय?"

"तो तू काढ. मास्तर आहेस ना? तू म्हणशील ते फायनल."

मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर 'तू म्हणशील ते फायनल' असे मला कोणी म्हटले नव्हते. ते वाक्य मला आवडले, हे येथेच सांगून टाकतो.

एका वेळी एकच गोष्ट तपासावी, असे मी मुलांना सांगत असे, तसेच केले. गाडी उभ्या उभ्या वीस मिनिटे चालू ठेवली. पंखा वेळेवर फिरला, काटा मध्यावर थांबला, पंखा निर्दोष. पाण्याच्या पंपाचा पट्टा घट्ट होता. इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, थर्मोस्टॅट, मेकॅनिककडून काढून घेतली आणि स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या पातेल्यात सोडली. ती व्यवस्थित उघडली. मग दोन आठवडे कोष्टक भरले: वार, मार्ग, पावतीवरचे वजन, सकाळी भरलेले पाणी, काटा कुठवर गेला.

रिकामी गाडी तापत नव्हती, भरलेली तापत होती. येथपर्यंत सरळ आहे. परंतु हीच गाडी गेल्या वर्षी सहाशे किलो कागद घेऊन पूल चढत होती आणि आता चारशेला धापा टाकत होती. याची स्पष्टीकरणे दोनच: एक तर गाडीची थंड होण्याची क्षमता घटली, किंवा वजन पावतीपेक्षा जास्त आहे. पहिली शक्यता मी तपासून संपवली आहे, असा माझा समज होता.

चालक मात्र वेगळेच सांगत होता. एके सकाळी बादली उचलता उचलता म्हणाला, "मास्टरजी, रेडिएटर खुलवा दो। पानी अंदर घूम नहीं रहा।"

"कैसे पता?"

"ऊपर का पाइप हाथ जलाता है, नीचे वाला गुनगुना। पानी घूमता तो ऐसा होता?"

वरची नळी चटका देणारी, खालची कोमट: हे उत्तम निरीक्षण होते. एखाद्या विद्यार्थ्याने नोंदवले असते तर मी ते फळ्यावर लिहिले असते. पण ज्याच्यावर संशय आहे त्याचा शब्द प्रमाण मानू नये, असा विचार करून मी ते समासात पेन्सिलीने टिपले आणि कोष्टकात घेतले नाही.

छापखान्यात, चालकाच्या आणि इतर कामगारांच्या समोरच, मी निष्कर्ष वाचून दाखवला: आकड्यांवरून गाडीत पावतीपेक्षा जास्त वजन असावे असे दिसते. मराठी त्याला पुरेसे कळत होते. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, भावाकडे पाहून म्हणाला, "तौल लो साहब। अभी चलो धर्मकाँटे पर।"

"आज तो खाली खड़ी है, माल ही नहीं, आज क्या तौलें?" भाऊ म्हणाला.

गाड्यांचे वजन करणारा तो काटा आमच्या नेहमीच्या रस्त्यावर होता. दोन आठवड्यांत एकदाही भरलेली गाडी त्यावर न्यावी असे मला सुचले नव्हते. चालकाने किल्ली टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात नवा चालक आला. खात्री करण्यासाठी भाऊ स्वतः त्याच्या शेजारी बसला. दुपारी त्याचा फोन आला.

"दादा, माल मी उभं राहून मोजून घेतलाय. चारशे किलोच्या वर एक रीम कागद नाही. तरी वाफ निघतेय."

फोनवर मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

गाडी करोल बागेत एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. मी सोबत गेलो. त्याने वरची टाकी उघडली. आतल्या अरुंद नळ्यांपैकी निम्म्याहून अधिक नळ्यांची तोंडे पांढऱ्या, दगडासारख्या थराने बुजली होती. त्याने नखाने एक खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"बाऊजी, पानी कहाँ का डालते हो? समुंदर का?"

"आरओ का।"

"पीने वाला?"

"नहीं, जो बाल्टी में निकलता है।"

तो मनापासून हसला. "वाह! मीठा पानी आप पी गए, नमक गाड़ी को पिला दिया।"

आमच्या घरी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी मी बादलीत साठवतो. त्याने फरशी पुसतो, संडास धुतो आणि त्याचाच एक वाटा गाडीला देत आलो. थेंबही वाया घालवायचा नाही, याचा मला अभिमान होता. यंत्र पिण्याच्या पाण्यातले जे क्षार काढून टाकते, ते सगळे या बादलीत जमतात. गळतीमुळे रोज नवे पाणी भरावे लागे, ते रोज नवे क्षार आणी आणि तापले की नळ्यांना आतून चिकटवी. गीझरची क्षार चढलेली कॉइल वर्गात नेऊन मी हाच धडा वर्षानुवर्षे शिकवला होता.

घरी येऊन वही उघडली. पाण्याचा रकाना रोज भरलेला होता: एक लिटर, एक लिटर, सव्वा लिटर. पाणी किती ते मी लिहिले होते, कोणते ते नाही. त्या बादलीवर संशय घ्यायचा तर तो माझ्यावरच घ्यावा लागला असता.

भावाला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे तो खरं बोलत होता." मग, "अकरा वर्षं, दादा." माझ्यावर तो चिडला असता तर मला सोपे गेले असते.

चालकाला फोन मीच केला. तो गाझियाबादला शाळेची व्हॅन चालवू लागला होता. मी सगळे क्रमाने सांगितले, माफी मागितली आणि भावाने परत बोलावले आहे, हेही सांगितले.

"गाड़ी ठीक हो गई? चलो, अच्छा है," तो म्हणाला. मग शांतपणे: "मैंने कहा था रेडिएटर खोलो। आपने आँकड़ों की कॉपी खोल ली।"

परत येण्याविषयी तो एवढेच बोलला: "अब रहने दो, मास्टरजी। जिन लोगों ने सुना था कि मैं चोरी-छिपे दूसरों का माल ढोता हूँ, उन्हें बता देना।"

छापखान्यातल्या प्रत्येकाला मी स्वतः जाऊन सांगितले. बहुतेकांनी मान डोलावली. एकाने विचारले, "मग वजन जास्त होतं हे आकड्यांवरून कसं निघालं होतं?" त्याला मी वही दाखवली आणि समासातली पेन्सिलीची टीप वाचून दाखवली.

वाचकांना एक विनंती आहे. माझे निष्कर्ष एकदा चुकले आहेत, म्हणून हाही केवळ माझ्या शब्दावर स्वीकारू नये. दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्याव्यात. एकीत पिण्याचे पाणी, दुसरीत यंत्रातून वाया जाणारे पाणी, दोन्ही एकाच वाटीने मोजून ओतावे आणि मंद आचेवर आटू द्यावे. कोणत्या ताटलीत कोणते पाणी आहे, हे आधी चिठ्ठीवर लिहून ठेवावे. प्रत्येक वस्तीचे पाणी वेगळे असते. तुमच्या ताटलीत काय उरते ते तुम्हीच पाहावे.