रिकामे चौकोन

मी खोटं लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं स्वतःला चांगलं दाखवण्यासाठी लिहिल्यासारखं होईल.

पत्नी गेल्यावर घरात मी एकटाच उरलो. अंबडच्या कंपनीतून आलो की कुलूप मीच काढायचं, देवापाशी दिवा मीच लावायचा आणि तिची रामनामाची वही घेऊन बसायचं. छापील चौकोनांत रोज एक पान ‘श्रीराम’ लिहायचा तिचा नेम मी पुढे चालवला होता. चालवला म्हणजे काय, तर चार-पाच दिवस वहीला हात लागायचा नाही आणि रविवारी एका बैठकीत मागची सगळी पानं भरून टाकायचो. देवाला नाम पोचलं म्हणजे झालं, अशी मनाची समजूत घालायचो.

त्याच सुमारास माझं हृदय कमजोर झाल्याचं निघालं. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यासाठी एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. डॉक्टर मॅडमनी सगळं नीट समजावलं आणि मी राजीखुशीने सही केली. एक डायरी मिळाली. गोळी घेतली का, चक्कर आली का, पायाला सूज आहे का, याचे रोजचे चौकोन भरून दर पंधरा दिवसांनी दाखवायचे. तीही मी रामनामाच्या वहीसारखीच भरली, तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, सुवाच्य अक्षरात. गोळ्या मी नेमाने घेत होतो, ते खरं होतं. पण ‘चक्कर’पुढे सगळीकडे ‘नाही’ लिहिलं होतं, आणि मला चक्कर येत होती. दोनदा तर ओट्याला धरून उभा राहिलो होतो. नेमकं कोणत्या दिवशी, ते आठवेना. ‘आज कसं वाटतंय’ असं विचारणारं घरात कुणी नसलं की असे दिवस एकमेकांत मिसळून जातात.

सिस्टरना माझी डायरी फार आवडली. सुरगाण्याहून जीपने येणारे काशिरामबाबा त्याच अभ्यासात होते. त्यांच्यापुढे ती धरून सिस्टर म्हणाल्या, “बघा बाबा, काकांची डायरी कशी टापटीप! तुमची म्हणजे उंदरांनी कुरतडलेली.” बाबांना लिहिता येत नसे, ते नुसत्या फुल्या मारत, आणि बरेच चौकोन रिकामे असत.

“इसरलो तवा मोकळं ठेवलं. नाय त्याला हाय कसं म्हनू?” ते म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

नंतर बाकावर त्यांनी मला हळूच विचारलं, “मास्तर, तुमाला चक्कर नाय येत?” माझं अक्षर बघून ते मला मास्तर म्हणू लागले होते. सिस्टर दारातच उभ्या होत्या. मी म्हणालो, “छे हो, अजिबात नाही.”

पुढच्या खेपेला रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आपण पडतोय हे कळलं आणि हाक मारावी असं आपलं कुणी नाही हेही कळलं. तोंडून ‘श्रीराम’ निघालं. ते तेवढं त्या क्षणाचं होतं, मागाहून भरून काढलेलं नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी माझा दंड घट्ट धरला.

काशिरामबाबा होते. कपाळाला पट्टी. मला पायरीवर बसवून त्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं.

“तुमाला बी येते की!” त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट जीव भांड्यात पडल्यासारखं वाटत होतं. “म्या बांधावर पडलो ना. मला तवाबी चक्कर येत व्हती. पन म्हटलं मास्तरला नाय येत, मंग माझंच काईतरी वंगाळ. म्हनून त्या दिशी सिस्टरला बोललोच नाय.” मग ते हसले. “आता वहीत काय लिव्हनार?”

ते नेहमी माझ्या तासभर मागून पोचत. त्या दिवशी जीप लवकर भरली, एवढंच त्यांनी सांगितलं. वहीत काय लिहिणार, हा प्रश्न मला बाबांनी विचारला की ज्याचं नाव तोंडून निघालं त्याने, यावर मी वाद घालणार नाही.

मी त्यांना घेऊन तसाच आत गेलो आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “काका, रिकामा चौकोन आम्हाला चालतो,” त्या शांतपणे म्हणाल्या. “खोटा चालत नाही. त्यावरून दुसऱ्यांचं औषध ठरतं.” आम्हा दोघांचा रक्तदाब निजवून आणि मग उभं करून तपासला. उभं राहताच तो उतरत होता. दोघांचीही गोळी कमी केली.

घरी येऊन मी पत्नीची वही तिच्या शेवटच्या महिन्यापाशी उघडली. तिथे मधूनमधून रिकामे चौकोन होते. ज्या दिवशी हात उचलला गेला नाही, तो दिवस तिने तसाच देवापुढे ठेवला होता. शरण जाणं म्हणजे काहीतरी जास्तीचं वाहणं, असं मी समजत आलो होतो. आपल्यापाशी जे नाही ते नाही म्हणूनच त्याच्यापुढे ठेवावं, एवढंच ते असेल. आता माझ्याही वहीत रिकाम्या जागा असतात, आणि त्या दिसल्या की मला तिच्या त्या हाताची आठवण होऊन मन भरून येतं.

पण एक गोष्ट राहिली होती. मॅडमपुढे बोलणं त्या मानाने सोपं होतं. पंधरा दिवसांनी काशिरामबाबा त्याच बाकावर भेटले. पट्टी निघाली होती, व्रण दिसत होता. त्यांनी पिशवीतून नागलीचे पापड काढून माझ्या हातात दिले. “एकटा मानूस तुमी. भाजून खा.”

पापड मांडीवर ठेवून मी हात जोडले.

“बाबा, याच बाकावर तुम्ही विचारलंत, तेव्हाही मला चक्कर येत होती. मी तुमच्याशी खोटं बोललो, म्हणून तुम्ही पडलात. मला माफ करा.”