बिनबॅटरीचा रंधा

हत्यारांच्या दुकानातून पाचरमिस्त्री बाहेर पडले, तेव्हा खोका त्यांनी काखेत मारला नव्हता, छातीशी धरला होता. धड खांद्याचा हात खाली, दुखऱ्या खांद्याचा नुसता वरून टेकवलेला. दवाखान्यातून पहिलं मूल घरी नेताना बाप असा चालतो. रस्त्यात दोघा ओळखीच्यांनी हाक मारली. एरवी ते थांबले असते, दोघांच्या बोलण्यात आपलं एखादं वाक्य ठोकून पुढे गेले असते. पाचर हे नाव त्यांना त्यावरूनच पडलं होतं. आज त्यांनी मान हलवली आणि पाय उचलले.

खोक्यात बॅटरीवर चालणारा रंधा होता.

मिस्त्री दारांचे माणूस. पलंग, कपाटं त्यांनी केली, पण ती पोटासाठी. दार ही गोष्ट वेगळी. चौकट एकाने उभी केलेली, भिंत दुसऱ्याने बांधलेली, दोघांच्याही चुका निमूट पोटात घालून मधल्या पोकळीत एक फळा असा लटकवायचा, की त्याला कुणाची तक्रार उरू नये. दार लावायचं, कुठे घासतं ते बघायचं, काढायचं, कड रंध्याने तासायची, पुन्हा लावायचं. या तासण्यातच गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा खांदा अडत होता. हातरंध्याला दोन्ही हात लागतात, वर अंगाचा भार लागतो. डॉक्टरांनी खांदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "यातलं वंगण संपलंय." वायरवाला रंधा घरी होता. पण तो धोंड्यासारखा जड, आणि नव्या इमारतीत विजेची जोडणी तळमजल्यावर एकच. ती फरशीवाले सोडतील तर शपथ.

त्यात व्याह्यांचं ते बोलणं. लेकीचा सासरा हाही सुतारच. माणूस हसरा, कामाला वाघ. चार मजली नव्या इमारतीच्या सगळ्या दारांचं काम त्याने घेतलं होतं आणि मोठ्या मायेने म्हणाला होता, "व्याही, तुम्ही आता खुर्ची टाकून बसा. बिजागऱ्या मोजून द्या, झालं. दारं आमची माणसं बसवतील."

चेष्टेने म्हणाला असता तर मिस्त्रींनी उलटं उत्तर दिलं असतं. मायेने म्हणाला, म्हणून ते आत रुतून बसलं. खुर्चीत बसलेला सुतार त्यांनी पाहिला होता. हळूहळू तो खुर्चीच्याच लाकडाचा होत जातो. आधी हात, मग मान, शेवटी डोळे.

आणि आज हे. दुकानवाल्या बाईने फळीवरून काढून हातात दिलं, "उचला तर खरं." एका हाताने उचललं गेलं! डाव्या हाताने! जांभळं अंग, खाली लखलखीत पातं, मुठीला रबर. मिस्त्रींच्या कानशिलात रक्त वाजू लागलं. शेजारीच त्याच रंध्याचा मोठा खोका होता, त्याची किंमत दुपटीहून जास्त.

"यात काय सोन्याचा मुलामा आहे का?"

"त्यात दोन बॅटऱ्या आणि चार्जर आहे. तुमच्या हातात आहे ते नुसतं यंत्र. बिनबॅटरीचं."

"बॅटऱ्या चार पडल्यात घरी. याच कंपनीच्या. जांभळ्या. अठरा व्होल्टच्या."

"तरी एकदा आणून लावून बघा, मिस्त्री. मग न्या. कंपनीनं मध्यंतरी—"

"बाई, घरची पोरं ओळखायला मला कुणी लागत नाही," मिस्त्री म्हणाले, आणि तिचं वाक्य तिथेच अडकवून त्यांनी पैसे पुढे केले.

घरी पुढच्या खोलीत बायको शिलाईयंत्रावर खुर्चीच्या गादीची खोळ शिवत होती. घरातली अर्धी कमाई त्या यंत्रातून यायची. तिने पाय न थांबवता विचारलं, "काय आणलंत?"

"खांदा."

"अं?"

"नवा खांदा आणलाय. बघ."

आता तिचे पाय थांबले. मिस्त्रींनी खोका उघडला, रंधा टेबलावर ठेवला, ड्रिलची जुनी बॅटरी काढली आणि त्याच्या खाचेत सरकवली. अर्धी गेली. अडली. काढली, फुंकर मारली, पुन्हा सरकवली. पुन्हा तिथेच अडली. दुसरी बॅटरी, तिसरी बॅटरी. चष्मा लावून पाहिलं तर बॅटरीच्या कडेला प्लॅस्टिकची एक बारीक धार होती, आणि रंध्याच्या खाचेत तिला जागाच ठेवलेली नव्हती.

दुसरा कुणी असता तर खोका बांधून दुकानात गेला असता. पण सुताराचा एक धर्म असतो. बसत नाही म्हणजे ती वस्तू चुकीची आहे असं नव्हे. बसत नाही म्हणजे अजून तासायची आहे. मिस्त्रींचा हात पटाशीकडे गेला.

"अहो, ते लाकूड नाही," बायको म्हणाली.

"एवढीशी धार आहे गं. नखाएवढी."

"नखं आपण आपली कापतो, दुसऱ्याची नाही."

तिचं ऐकतो कोण! बॅटरी शिकंज्यात धरून मिस्त्रींनी ती धार अशी उतरवली, की कंपनीच्या माणसानेही बोट फिरवून पाहावं. मग बॅटरी रंध्यात घातली. थोडी कुरकुरली. तळहाताने एक ठोका दिला. खट!

"बघ!" ते ओरडले. "बसली! बसायची कशी नाही?"

त्यांनी खटका दाबला.

काही झालं नाही. पुन्हा दाबला. रंधा हातात तसाच, मुका. उत्साह असा मध्येच उभा राहिला की खोलीतली हवाही थांबल्यासारखी वाटली. बॅटरी बाहेर ओढून त्यांनी खाचेत पाहिलं. पितळी पट्ट्यांच्या मधोमध काडीइतकी बारीक एक पिन होती. जुन्या बॅटरीत तिच्यासाठी छिद्रच नव्हतं, आणि त्या ठोक्याने ती आडवी झाली होती.

लाकूड माणसाशी तडजोड करतं. दबतं, फुगतं, उन्हात आकसतं, वर्षभराने चूक विसरतं. हे जांभळं प्लॅस्टिक दोनच गोष्टी जाणत होतं, बसणं आणि न बसणं. मिस्त्री बराच वेळ त्या आडव्या पिनेकडे बघत राहिले. बायकोने तोंड उघडलं, त्यांचा चेहरा पाहिला आणि पुन्हा यंत्रावर पाय ठेवला.

मिस्त्री खोका घेऊन परत गेले, तेव्हा दुकानवाल्या बाईने मात्र बॅटरी उजेडात धरली आणि खो खो हसली. "कुणी केलं हे? काय सुबक काम आहे! कंपनीला पाठवू का?"

"हसा," मिस्त्री म्हणाले. "हसून झालं की सांगा."

तिने सांगितलं. कंपनीने बॅटरीची जातच बदलली होती. रंग तोच, व्होल्ट तेच, पण आता मधली पिन बॅटरी किती तापली ते यंत्राला कळवते, आणि ती खबर आल्याशिवाय यंत्र हलत नाही. जुनी बॅटरी नव्या यंत्रात जाऊ नये म्हणूनच त्या धारेला खाचेत जागा ठेवलेली नव्हती. "परत घेता येणार नाही हं, मिस्त्री. पिन वाकलीय." असं म्हणत बाईने गल्ल्यामागून बारीक चिमटा काढला, दिवा जवळ ओढला आणि श्वास रोखून पिन उभी केली. "चालेल असं वाटतं. लावल्याशिवाय सांगता यायचं नाही. आणि दुसऱ्यांदा वाकली तर तुटेल."

"नवी बॅटरी केवढ्याला?"

तिने आकडा सांगितला. रंध्याहून जास्त होता. चार्जर आणखी वेगळा.

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

"कोंबडी स्वस्त ठेवली तरच मसाला खपतो. नुसतं यंत्र कमी भावात देतात ते कशासाठी? एकदा बॅटरी घरात शिरली की पुढे करवत त्याच जातीची, ड्रिल त्याच जातीचा. मोठा खोका घेतला असतात तर सगळं मिळून पुष्कळ स्वस्त पडलं असतं. तेच सांगत होते, पण तुम्ही बोलू द्याल तर ना." मग तिचा आवाज मऊ झाला. "ओळखीत कुणाकडे नवी जांभळी आहे का? एक मिळाली तरी काम निघेल."

होती. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मिस्त्रींना ती डोळ्यांपुढे दिसली. व्याह्यांच्या कमरेला लटकणारा नवा जांभळा ड्रिल, आणि त्याच्या बुडाला तीच बॅटरी.

घरी आल्यावर बायकोने निकाल देऊन टाकला. "मागा की मग."

"व्याह्यांकडे? मुलगी दिली, आता त्यांच्याकडे बॅटरी मागू?"

"मुलगी दिली तेव्हा आपण काही मागितलं नव्हतं. आता एक बॅटरी मागा, फिटंफाट."

"आणि लावल्यावर चाललं नाही तर? सगळ्यांच्या देखत?"

तिने खोळीचा दोरा दातांनी तोडला. मग म्हणाली, "तर तुमचा पडलेला चेहरा त्यांना दिसेल. मला रोज दिसतोच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री खोका घेऊन त्या इमारतीत गेले. जिन्याला अजून कठडा नव्हता, सगळीकडे ओल्या सिमेंटचा वास. पहिल्या मजल्यावर व्याह्यांनी खरोखरच खुर्ची मांडून ठेवली होती, तिच्यापुढे बिजागऱ्यांची पोती. मिस्त्री तिच्याकडे न बघता वर चढत गेले. तिसऱ्या मजल्यावर व्याही एका दाराशी झटत होते. खालून घासणारं दार माणसाला कसं दमवतं ते मिस्त्रींनी लांबूनच ओळखलं.

"या, या, व्याही! वर कशाला आलात? खाली—"

"एक बॅटरी द्या," मिस्त्री म्हणाले. घरून निघताना जुळवलेली चार वाक्यं जिन्यातच गळून गेली होती.

"कसली?"

मिस्त्रींनी खोका उघडला. व्याह्यांच्या हातातला पेचकस खाली पडला.

"हा? हा घेतलात? अहो, मी या रंध्यावर दोन महिने डोळा ठेवून आहे! बायको म्हणते, आधी ड्रिलचे पैसे फेडा." ते मटकन गुडघ्यावर बसले आणि एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा रंध्यावरून हात फिरवू लागले. "वजन बघा! आणि भुसा कुठल्याही बाजूने काढता येतो! व्याही, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात."

"बॅटरी नाही त्याला. आणि पिन वाकवून ठेवलीय मी. जुनी बॅटरी तासून घातली होती."

व्याह्यांनी वर पाहिलं. ते आता हसतील म्हणून मिस्त्री वाट पाहत होते. "तासून?" व्याही म्हणाले. "धार उतरवलीत? मीसुद्धा नव्या जांभळ्या करवतीला तेच केलं. करवत गेली कामातून. घरी अजून सांगितलेलं नाही."

 मग त्या रिकाम्या खोलीत असं हसू फुटलं, की कोपऱ्यात काम करणारी दोन्ही माणसं हत्यारं टाकून बघू लागली.

व्याह्यांनी ड्रिलची बॅटरी काढून दिली. मिस्त्रींनी ती खाचेवर ठेवली. हाताला सवयीने ठोका द्यायचा होता.

"ठोकू नका," व्याही हलक्या आवाजात म्हणाले. "सरळ. सरळ जाऊ द्या."

बॅटरी तिच्याच मनाने गेल्यासारखी आत सरकली. खटका दाबला. काही नाही.  दिवसभर बिजागऱ्या मोजणारा एक म्हातारा मिस्त्रींना स्पष्ट दिसला, आणि तो मान वर करत नव्हता.

"थांबा," व्याही म्हणाले. त्यांनी बॅटरी केसाएवढी मागे घेतली आणि बोटाच्या टोकाने पुन्हा पुढे दाबली. "आता."

रंधा गरजला! पातं फिरू लागलं, मुठीतून ती थरथर मनगटात, कोपरात, थेट खांद्यात चढली. खांद्याने विरोध केला नाही. दार काढून आडवं टेकवलं होतं. मिस्त्रींनी एका हाताने रंधा त्याच्या खालच्या कडेवर ठेवला आणि नुसता चालवला, ढकललाही नाही. पांढरा भुसा फवाऱ्यासारखा उडाला, व्याह्यांच्या मिशांवर बसला. एक फेरी. कड बोटाने तपासली. अर्धी फेरी आणखी. पुरे.

दार चौकटीत लावलं. मिस्त्रींनी ते निम्मं उघडून सोडलं. चांगलं बसवलेलं दार सोडाल तिथे थांबतं, आपणहून मिटत नाही की आपणहून उघडत नाही. ते थांबलं. मग त्यांनी एका बोटाने ढकललं, आणि कुठेही न घासता, आवाज न करता ते मिटलं.

व्याही बंद दाराकडे बघत मिशा झटकत होते. "या मजल्यावरची सगळी दारं घासतायत, व्याही," ते म्हणाले. "माणसांनी घाई केली. वरच्या मजल्यावरचीही असणार."

"बॅटरी पुरेल?"

"ही संपली की दुसरी आहे. चार्जर खाली लावायचा, पण ते फरशीवाले—" वाक्य अर्धं सोडून व्याही जिन्याकडे धावले. एका मजल्याखालून त्यांचा आवाज घुमू लागला, "अरे, तुमचं ते मशीन काढा तिथून! आमचे मिस्त्री वर खोळंबलेत!"

मिस्त्रींनी रंध्यावरचा भुसा फुंकला. कोपऱ्यातल्या दोघांना म्हणाले, "बघताय काय? पुढचं दार उतरवा."