भिक्षूची रिकामी जागा

बुलढाण्याच्या कॉलेजात मी नाटक शिकवतो. जपानी नोह नाटकाचा भाग आला की माझा आवाज आपोआप खाली येतो. त्या नाटकांत बहुधा एक फिरता बौद्ध भिक्षू असतो आणि एक मेलेला माणूस. मेलेल्याचा जीव कुठल्यातरी रागात नाहीतर मायेत अडकलेला असतो. तो आपली कथा सांगतो, भिक्षू त्याच्यासाठी प्रार्थना करतो आणि तो सुटतो. वैर दोघांनाही बांधतं, क्षमा दोघांनाही सोडवते, असं मी सांगतो. पोरं लिहून घेतात.

हे शिकवत असतानाच बारा वर्षं मी सख्ख्या काकांशी बोलत नव्हतो.

कारणही तसं जपानीच होतं. देऊळघाटला, आमच्या गावी, गणपतीत मी त्या धाटणीचं एक छोटं नाटक बसवलं होतं. भिक्षू अर्थातच मी. मंच ओलांडायला मला पाच मिनिटं लागायची. तसंच चालायचं असतं. तिसऱ्या मिनिटाला पुढच्या सतरंजीवरून काका म्हणाले, "हा पोट्टा इतका हळू काऊन चालून राह्यला बे? पायात काटा गेला काय त्याच्या?" सगळं गाव हसलं. क्षमेचं नाटक तिथंच संपलं आणि मी अबोला धरला. गावी जाणंही सोडलं.

गेल्या वर्षी काका वारले. दहाव्याला मात्र गेलो. नदीकाठी पिंड ठेवला, पण कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले. कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याची इच्छा अडकली; ती ओळखून जिवंतांनी वचन द्यायचं. चुलतभावानं आईला सांभाळायचं, बहिणीला दिवाळीला आणायचं वचन दिलं. कावळे ढिम्म. काकू सकाळपासून उपाशी होती, कावळा शिवल्याशिवाय ती घास घेणार नव्हती. हळूहळू सगळे माझ्याकडे बघू लागले.

खरं सांगतो, मला आतून बरं वाटलं. जन्मभर शिकवलेला प्रसंग समोर होता आणि भिक्षूची जागा रिकामी होती. मी पुढे झालो, हात जोडले आणि धीरगंभीर आवाजात म्हणालो, "काका, म्या तुम्हाले माफ केलं."

एक कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"माफ कायचं करतं? माफी मांग," चुलतभाऊ पुटपुटला. मागितली. आधी तोंडदेखली, मग कशी कोण जाणे, खरी. चारचौघांत हुंदका फुटला, लाज वाटली. कावळे तरीही हलले नाहीत.

तेव्हा काकू उठली. पदर सावरून पिंडाकडे बघत म्हणाली, "भुरी म्हैस इकत नाही मी. झालं?"

कावळा खाली आला.

लोक हातपाय धुवायला उठले. मी बसूनच राहिलो. शेवटच्या इच्छेत मी म्हशीच्या मागेसुद्धा नव्हतो, याचा मला राग आला, आणि तो राग येतोय याचीही शरम वाटली. काकू जवळ आली तेव्हा विचारलं, "काकाले माह्यावर राग नव्हता?"

"राग कायचा?" ती म्हणाली. "दर सणाले तुह्यं ताट वाढून ठेवाले लावत मले. तू नाही आला की म्हणत, कॉलेजात काम असन त्याले."