तीनपैकी एकालाच विचारलं

ही गोष्ट आजवर कुणालाच सांगितलेली नाही — बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझा तंबाखूचा खर्राही कधी लपला नाही. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐकून घ्या.

मी वर्ध्यात एका संस्थेचे कॉम्प्युटर सांभाळतो. गावोगावच्या बाळांच्या लसींच्या नोंदी आमच्याकडे येतात. प्रत्येक नोंद तीन सर्व्हरवर राहते, एक बंद पडला तर बाकीचे असावेत म्हणून. मी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत प्रश्न टाइप करतो, उत्तर येतं. तिघांपैकी कितीजणांना विचारायचं, तेही मीच ठरवतो. एकालाच विचारलं की उत्तर चटकन येतं — आणि मला सगळंच चटकन हवं असतं.

केळझर गावच्या नोंदी आमच्याच संस्थेतल्या सुषमाताई भरायच्या. तिथल्या एका बाळाला आधीच मिळालेला डोस आंजी गावात पुन्हा दिला गेला, कारण आधीची नोंद दिसलीच नाही. बाळ सुखरूप होतं, पण घरच्यांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. साहेबांनी ताईंना बोलावलं.

"मी भरलं होतं दादा, मले चांगलं याद आहे," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या.

मी सगळ्यांसमोर प्रश्न टाकला — एकालाच. त्या नोंदीची एकही ओळ आली नाही. साहेबांनी त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं.

आता खरं सांगतो. ज्याला विचारलं, तो सर्व्हर मध्यंतरी बंद पडला होता. चालू झाल्यावर राहिलेल्या नोंदी त्यात भरून घेणं माझं काम — ते मी उद्यावर ढकलत होतो. हे तेव्हा, त्या स्क्रीनसमोर, मला आठवलं नव्हतं का? आठवलं होतं. तिघांना विचारलं असतं तर माझंच बिंग फुटलं असतं. खोली रिकामी झाल्यावर मी तिघांना विचारलं. ओळ आली — ताईंच्या नावासकट. मी खिडकी बंद केली.

परवा जाम गावात त्या भेटल्या. चौकात नाश्त्याचा ठेला टाकलाय. मी तोंड चुकवणार तोच त्यांनी हाक मारली, बसवलं, गरम आलुबोंडा पुढे केला.

"तुमच्यावर राग नाई दादा. मीच विसरली असन. आता तं घराले कुलूप लावलं तरी वापस जाऊन पाहा लागते — माह्या डोक्यावर माहाच भरवसा नाई राह्यला."

"होतं असं, ताई," मी म्हणालो. आणि आलुबोंडा संपवला.